मापसाहेब श्रद्धा धरतात

मत्सर करायचाच तर माणसाने निदान हाडामांसाच्या माणसाचा करावा. शेजाऱ्याचा करावा, साडूचा करावा, आपल्यामागून नोकरीला लागून आपल्याआधी बढती मिळवणाऱ्याचा तर अवश्य करावा. त्यात एक प्रकारची घरगुती ऊब असते, आणि तो माणूस कधी जिन्यात घसरून पडेल अशी आशाही धरता येते. मापसाहेबांच्या नशिबी मात्र अशा माणसाचा मत्सर आला, जो रोज संध्याकाळी टीव्हीवर प्रकट व्हायचा आणि जाहिराती लागल्या की नाहीसा व्हायचा. त्याला जिन्यात गाठण्याची सोयच नव्हती.

मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, खोटा निघाला की सील ठोकायचं, हा त्यांचा धंदा. त्यामुळे संशय त्यांच्या अंगात मुरलेला होता. देवालाही त्यांनी कधी सूट दिली नव्हती. मामेसासरे मोठ्या दुखण्यातून उठले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, देवाची कृपा. मापसाहेबांनी लगेच विचारलं, मग आजारी पडले ती कुणाची? सासूबाईंनी पुढे बरेच महिने त्यांच्याशी फक्त वहिनींमार्फत बोलणं ठेवलं. वहिनी म्हणजे मापसाहेबांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आपणही म्हणू.

तर या वहिनींना ‘सावल्यांचा मठ’ या मालिकेचं वेड लागलं. डोंगरावर एक जुना मठ असतो आणि त्याच्या तळघरात काहीतरी कोंडलेलं असतं. ते काय, हे कधीच दाखवत नसत. निर्मात्याला परवडत नसेल, असं मापसाहेबांचं मत. संध्याकाळ झाली की त्या दारावर आतून थापा पडायच्या आणि तरुण महंत हातात दिवा घेऊन पायऱ्या उतरायचा. देवावर पुरता विश्वास असलेल्या माणसाच्या मंत्रानेच ते आतलं प्रकरण आवरणार होतं, आणि पंचाईत अशी की महंताचा विश्वास उडालेला होता. तरी तो बिचारा उतरायचा. शेवटच्या पायरीवर थबकून ओल्या डोळ्यांनी म्हणायचा, “तू आहेस की नाहीस, मला कळत नाही. तरी मी आलोय.”

या वाक्यापाशी वहिनींची हनुवटी तळहातावर टेकायची, मान किंचित कलायची आणि एक सुस्कारा बाहेर पडायचा. लग्नाला वीसबावीस वर्षं झाली होती. मापसाहेबांनी आठवून आठवून पाहिलं, पण ती हनुवटी त्यांच्यासाठी कधी टेकल्याचं स्मरेना. वहिनींनी आपल्याकडे एकदा तरी तसं बघावं, हा ध्यास त्यांना तेव्हापासून लागला.

पहिल्या दिवशी त्यांनी सरळ हक्क सांगितला. “यात नवीन काय आहे? देव आहे की नाही, हा प्रश्न मी या घरात लग्नापासून विचारतोय,” ते म्हणाले.

“तुम्ही विचारलात की लोक उठून जातात,” वहिनी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, “आणि जरा सरका, दिसत नाहीये.”

मापसाहेब सरकले. पण मनातून जे सरकलं ते सरकलंच. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या टीव्हीवर, आपलाच विषय घेऊन परका पुरुष बायकोचे सुस्कारे गोळा करतो, हे कोणत्या नवऱ्याला सोसेल?

वरच्या मजल्यावर मास्तर राहत. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि जगातला कुठलाही प्रश्न नकाशावर दाखवता येतो अशा समजुतीचे. मापसाहेबांनी ‘माझे एक मित्र आहेत’ अशी सुरुवात करून त्यांना सल्ला विचारला. मास्तरांनी दुसऱ्याच वाक्याला तो मित्र ओळखला आणि निदान केलं की दाढीचा फरक आहे. मापसाहेबांनी दाढी वाढवली. महंताची दाढी काळीभोर आणि दाट होती. मापसाहेबांची जागोजागी रुसलेली निघाली. एका किराणा दुकानदाराने काटा पुढे करण्याआधी हात जोडले आणि घरात कोण गेलं म्हणून हळू आवाजात चौकशी केली. वहिनींनी चौथ्या दिवशी उशीचे अभ्रे बदलले आणि दाढीबद्दल चकार शब्द न काढता वस्तरा आरशापुढे आणून ठेवला.

मग मास्तरांना वाटलं की उजेडाचा फरक आहे. महंत दिव्याच्या उजेडात बोलतो, तुम्ही ट्यूबलाइटखाली. मापसाहेबांनी बैठकीच्या खोलीत मंद दिवा लावला. त्याच संध्याकाळी वहिनींच्या पायाचा अंगठा स्टुलावर आपटला. बिलाची एवढी काळजी असेल तर काय वाटेल ते बंद करा पण टीव्हीला हात लावू नका, असं त्यांनी अंगठा धरून बजावलं, आणि लंगडत जाऊन मठ बघायला बसल्या. मापसाहेबांनी अंगठ्याला बर्फ लावून दिला. बर्फ लावताना महंत पायऱ्या उतरला आणि वहिनींनी सुस्कारा सोडला. तो अंगठ्याचा होता की महंताचा, हे त्यांनी विचारलं नाही.

शेवटी मास्तरांनी मुळालाच हात घातला. “तुमची शंका उपजत आहे हो,” ते म्हणाले, “तिला किंमत नाही. महंताचं तसं नाही. त्याने आधी विश्वास ठेवला, मग त्याला तडा गेला. लोकांना तडा बघायचा असतो. तुमच्याकडे भिंतच नाही, तर तडा कुठे जाणार?”

मापसाहेबांना हे इतकं पटलं की चहा तसाच राहिला. आधी रीतसर श्रद्धा धरायची, ती चारचौघांत दिसेल अशी वाढवायची, आणि मग एका संध्याकाळी बायकोदेखत गमवायची. माणसं काही मिळवण्यासाठी धर्म धरतात हे ऐकलं आहे, पण तोच गमावण्यासाठी कुणी धरल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं. त्यांनी हिशेब केला की श्रद्धेला महिना-दीड महिना पुरे.

गल्लीच्या टोकाला एक प्रार्थनामंदिर होतं. आत नुसतं शिरून बसायला मनाई नव्हती, पण मापसाहेबांना सरकारी शिस्त; श्रद्धा धरायची ती अधिकृत हवी, म्हणून ते सभासद व्हायला गेले. तिथे कार्यवाह भेटले. या मंदिरातून गरिबांना धान्य वाटत, आणि त्या वाटपाच्या काट्याला काही वर्षांपूर्वी खुद्द मापसाहेबांनीच सील ठोकलं होतं. कार्यवाहांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि शांतपणे विचारलं की ज्यांचा आमच्या काट्यावर विश्वास बसला नाही त्यांचा देवावर कसा बसला. मापसाहेबांनी सांगितलं की काटा खरोखरच चुकीचा होता. हे उत्तर बरोबर होतं आणि त्यामुळेच काम बिघडलं. दोन जुन्या सभासदांची शिफारस आणा, मग बघू, असं सांगून कार्यवाहांनी दुसऱ्या दारावरच्या कुलपाची पाहणी सुरू केली.

शिफारशीसाठी मापसाहेब वणवण फिरले. एक सभासद निघाला वखारवाला, त्याचं वजन त्यांनी जप्त केलेलं. दुसरा निघाला त्याचाच मेहुणा. ज्यांना आपण वर्षानुवर्षं दंड केला त्यांच्या दारात जाऊन ‘मी श्रद्धाळू आहे असं लिहून द्या’ म्हणण्यात काय यातना असतात, हे दंड न करणाऱ्यांना कळायचं नाही. वखारवाल्याने त्यांना बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसवलं, आतून तीनदा डोकावून बघितलं, आणि मग सही केली, मेहुण्याचीही आणून दिली. एवढा सुखाचा दिवस आपल्या आयुष्यात आला म्हणजे देव असणारच, असं तो म्हणाला म्हणे.

मापसाहेब मंदिरात जाऊ लागले. रोज सकाळी पहिल्या रांगेत, ताठ. तिथले आचार्य म्हणजे किडकिडीत, जरा पोक आलेले, एकटे राहणारे गृहस्थ. सायकलवरून येत आणि हळू बोलत. त्यांचं प्रवचन मापसाहेब मान डोलावत ऐकत आणि मनात चुका काढत. वहिनींना त्यांनी ही बातमी खूप प्रस्तावना करून सांगितली. वहिनी म्हणाल्या, छान, येताना दूध घेऊन या.

घरात असा अपमान होत असताना बाहेर मात्र भलतंच चाललं होतं. वजनमाप्या सुधारला, ही बातमी पसरली. कार्यवाह आता येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्या रांगेकडे बोट दाखवून सांगत की हे बघा, यांनी आमच्या काट्याला सील ठोकलं आणि देवाने यांच्या शंकेला. ज्यांची मुलं ऐकत नव्हती ते आईबाप मुलांना घेऊन मापसाहेबांना दाखवायला येऊ लागले. मग मान म्हणून सकाळची घंटा वाजवायचं काम त्यांच्याकडे आलं. ती त्यांनी इतक्या वक्तशीरपणे वाजवली की आसपासची माणसं घड्याळं लावू लागली. श्रद्धा फोफावली, आणि तिला तडा द्यायचा कसा ही नवी अडचण उभी राहिली.

तरी ठरलेल्या मुदतीत एका संध्याकाळी त्यांनी योग जुळवला. मालिका सुरू होती, ते खिडकीपाशी गेले, पाठमोरे उभे राहिले आणि खोल आवाजात म्हणाले, “अगं, माझ्या आत काहीतरी ढासळतंय.”

“ॲसिडिटी असेल,” वहिनी म्हणाल्या. “जाहिरात लागू दे, गोळी देते.”

आणि गोळी दिली. मापसाहेबांनी ती निमूट गिळली. इतक्या आठवड्यांची प्रार्थना, दोन शिफारशी आणि ती घंटा, सगळं त्या गोळीबरोबर पोटात गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली आणि आचार्य आत आले. मापसाहेबांना वाटलं घंटेबद्दल काही असेल. आचार्य खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिले. वहिनींनी सौजन्य म्हणून टीव्हीचा आवाज कमी केला.

“मीसुद्धा हे बघतो,” आचार्य टीव्हीकडे बघत म्हणाले. “आधी करमणूक म्हणून बघायचो. मग एकदा त्या महंताने विचारलं, तू आहेस का, आणि माझ्या लक्षात आलं की मी कित्येक वर्षांत विचारलेलंच नाही. आता विचारतोय, तर उत्तर येत नाही. रोज उभा राहतो, बोलतो, आणि आत काही नसतं. तुम्ही संशयाकडून विश्वासाकडे आलात, मी उलटा चाललोय. तुमच्याजवळ बसलो तर धीर येईल असं वाटलं.”

मापसाहेब काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर बाजूला गेली. वहिनींची हनुवटी तळहातावर टेकली होती, मान कलली होती आणि सुस्कारा बाहेर पडण्याच्या बेतात होता. शेजारी टीव्हीवर महंत पायऱ्या उतरत होता, आणि वहिनींनी न बघताच हात लांब करून टीव्ही बंद केला.

आजवरचा मत्सर म्हणजे निव्वळ सराव होता, हे मापसाहेबांना त्या क्षणी कळलं. महंत निदान काचेच्या पलीकडे होता. हा इथे त्यांच्या खुर्चीवर बसून त्यांच्या पेल्यातून पाणी पीत होता, आणि वर याची शंका अस्सल होती. आचार्य दर दोन दिवसांनी येऊ लागले. वहिनी त्यांच्यासाठी सूप करून ठेवू लागल्या, कारण त्यांचा घसा बसला होता. मापसाहेबांचा घसाही बसला. तो कुणी विचारला नाही. एकदा आचार्य निघताना वहिनींनी त्यांना सायकल सावकाश चालवायला सांगितलं. त्या रात्री मापसाहेब जेवले, पण चव कळली नाही.

यावर मार्ग एकच होता, आणि तो इतका विपरीत होता की मास्तरांना सांगायचीही सोय नव्हती. आचार्यांचा विश्वास परत आणायचा. शंका गेली की हनुवटी उठणार. ज्या मापसाहेबांनी जन्मभर देवाला पुरावा मागितला ते आता देवाचे वकील झाले, आणि पक्षकाराशी ओळख नसताना जीव तोडून भांडू लागले. त्यांनी सृष्टीची रचना काढली, आईचं प्रेम काढलं, ग्रहगोलांचा वक्तशीरपणा काढला. आचार्य प्रत्येक मुद्द्याला दुःखी मान हलवून म्हणत की हे तर मीच गेली कित्येक वर्षं सांगतोय. आणि वहिनी त्यांच्यापुढे सूप सरकवत.

शेवटी एका संध्याकाळी मापसाहेब चिडले. “अहो, तुमचं काय घेऊन बसलात, माझं बघा,” ते म्हणाले. “मी रोज लोकांचे काटे खोटे ठरवतो. कशाच्या जोरावर? माझ्या पिशवीतल्या किलोच्या. तो खरा कशावरून? वरच्या कचेरीतल्या किलोशी ताडलाय म्हणून. तो कशावरून? त्याच्याही वरच्याशी ताडलाय. आणि सगळ्यात वरचा? तो मी पाहिलेला नाही. माझ्या साहेबांनी पाहिलेला नाही. तो आहे असं मला नोकरीला लागताना सांगितलं, आणि तेवढ्यावर मी चांगल्या चांगल्या माणसांची दुकानं बंद पाडली. उद्या तो नाहीच म्हटलं, तर कुठलाच काटा खोटा म्हणायची सोय राहत नाही.”

आचार्यांनी पेला खाली ठेवला. त्यांचा पोक जरासा कमी झाल्यासारखा दिसला. त्यांनी मापसाहेबांचे दोन्ही हात धरले, दाबले आणि निघून गेले. सूप तसंच राहिलं.

मापसाहेबांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ते स्वतःचंच वाक्य ऐकून दचकले होते. दुसऱ्या दिवशी एका दुकानात पिशवीतून किलो काढून काट्यावर ठेवायच्या ऐवजी ते तो हातात घेऊन बघतच उभे राहिले. दुकानदाराने आधी धीर धरला, मग स्टूल दिलं, मग घरी कुणाला बोलवू का विचारलं. काटा न तपासता मापसाहेब बाहेर पडले. नोकरीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आचार्य मात्र सुधारले ते सुधारलेच. पुढचं प्रवचन त्यांनी असं दणदणीत केलं की मागच्या रांगांतले डुलक्या घेणारे जागे झाले. सगळा भर त्या न पाहिलेल्या किलोवर होता. किलो कुणाचा, याचा उल्लेख नव्हता. कार्यवाहांनी ते प्रवचन पुन्हा ठेवलं, गर्दी मावेना, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मापसाहेबांना स्वतःच्या दृष्टान्तावर टाळ्या वाजवाव्या लागल्या. आचार्यांचं घरी येणं बंद झालं. एकदा वहिनींना ते रस्त्यात भेटले. घरी येऊन त्या पिशवी ठेवत म्हणाल्या, “आता पूर्वीसारखे नाही राहिले. सगळं ठाऊक असल्यासारखे बोलतात. मला सायकलवरूनच दोन गोष्टी समजावून गेले.”

त्या पुन्हा मठाकडे वळल्या. पण मठाचाही शेवट आला होता. शेवटच्या भागासाठी मास्तरही सपत्नीक खाली येऊन बसले. दार फुटलं, धूर आला, महंताने दिवा उंच केला आणि एकदम त्याच्या चेहऱ्यावर लख्ख प्रकाश पडला. “तू आहेस!” तो गरजला. ते आतलं प्रकरण तत्काळ विरघळलं, डोंगरावर सूर्य उगवला आणि पाठीमागून सनई वाजली. मास्तर डोळे पुसत आपल्या मजल्यावर गेले.

वहिनींनी टीव्ही बंद केला तो जरा आदळूनच. “हाही त्यातलाच निघाला,” त्या म्हणाल्या. “एकदा कळलं, झालं. आता याच्याकडे बघायचं कशाला?” मग वाट्या उचलता उचलता थांबून त्यांनी विचारलं, “तुम्ही काय, उद्या जाणार ना घंटेला? तुमचं तर पक्कं झालंय सगळं.”

इतके महिने ज्या संधीची वाट बघितली ती हीच, हे मापसाहेबांच्या ध्यानातही आलं नाही. खिडकीपाशी जायचं ते विसरले, आवाज खोल करायचं विसरले. ते सोफ्याच्या कोपऱ्यात आपल्या बोटांकडे बघत बसले होते.

“जाईन बहुतेक,” ते म्हणाले. “का जाईन ते मात्र विचारू नकोस. मी ते सगळं खोटं सुरू केलं होतं गं. तू त्या महंताकडे बघत बसायचीस, मग आचार्यांकडे, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. म्हणून केलं. पण आता नाही म्हणायला जातो, तर तो किलो मधे येतो. हो म्हणायला जातो, तर माझं मलाच हसू येतं. मला खरंच कळेनासं झालंय.”

मग वहिनी वाट्या खाली ठेवून शेजारी येऊन बसल्या.

“हे तुम्ही मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“की तुम्हाला कळत नाही. तुम्हाला नेहमी कळलेलंच असायचं. देव नाही हेही तुम्ही असं सांगायचात, जसा आत्ताच बघून आलात.”

मापसाहेबांनी मान वर केली. वहिनींची हनुवटी तळहातावर टेकलेली होती. मान किंचित कलली होती. समोर टीव्ही बंद होता, खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि सुस्कारा बाहेर पडला तो सरळ त्यांच्या तोंडावर आला.

त्यांना इतकं सुख झालं की क्षणभर हलवेना. आणि त्या सुखातच, जुन्या सवयीने, एक बारीकशी कळ उठली. हे सगळं मिळालं ते या काल-परवाच्या गोंधळलेल्या, खांदे पाडून बसलेल्या माणसाला. वीसबावीस वर्षं जो या घरात ताठ मानेने वावरला, याच बाईसाठी दूध आणत राहिला, त्या आधीच्या गृहस्थाकडे मात्र असं कुणी एकदाही बघितलं नव्हतं. मापसाहेबांना त्याच्या वतीने या नव्या माणसाचा हेवा वाटला. पण बायको बघत होती, म्हणून त्यांनी चेहरा होता तसाच गोंधळलेला ठेवला.